हिपॅटायटीस सी : पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक आहे. तुर्भे, दिघा, कळवा, मुंब्रा या भागांतल्या वस्त्यांमध्ये आणि दवाखान्यांच्या बाकांवर बसून लोकांशी हिपॅटायटीस सीबद्दल बोलणं हे माझं काम. इथले प्रश्न लोकांनी ज्या शब्दांत विचारले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा हा आजार आहे. तरी त्याने माणसं जातात, आणि त्यातली बरीच पहिल्या टेस्टनंतर दुसरी न केल्यामुळे जातात. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत लांब आहे.

हिपॅटायटीस सी म्हणजे कावीळच ना?

कावीळ हे लक्षण आहे. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, त्याला आपण कावीळ म्हणतो. ती अनेक कारणांनी होते. पावसाळ्यात वस्तीत एकदम दहा घरांत कावीळ निघते ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून आलेली हिपॅटायटीस ए किंवा ई असते. काही आठवड्यांत ती आपोआप जाते आणि श्रेय काविळीच्या माळेला मिळतं.

सीचं तसं नाही. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. शरीरात शिरल्यावर दर १०० जणांपैकी साधारण ३० जणांच्या अंगातून तो पहिल्या सहा महिन्यांत स्वतःहून निघून जातो. उरलेल्या ७० जणांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. डोळे पिवळे होतीलच असं नाही, बहुतेकांचे होत नाहीत. काही जण याला ‘काळी कावीळ’ म्हणतात. कुठलंही नाव द्या, पण माळ घालून, कानात थेंब टाकून किंवा उतारा करून तो जात नाही.

१९८९ पर्यंत या विषाणूची ओळखच पटलेली नव्हती. डॉक्टर ‘ए नाही, बी नाही’ असं म्हणून मोकळे होत. तो शोधणाऱ्या हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.

माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला आजार आहे का?

अजून सांगता येत नाही. हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा बोलते की माझ्या घरच्यांनाही पाठ झालं आहे.

शिबिरात बोटाला टोचून जी टेस्ट होते, किंवा ऑपरेशनच्या आधी जी करतात, ती अँटिबॉडीची असते. विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला होता का, एवढंच ती सांगते. पुरामुळे भिंतीवर पाण्याची रेघ उरावी, तशी ही खूण आहे. रेघ दिसली म्हणून घरात आत्ता पाणी आहे असं होत नाही. पाणी आहे की ओसरलं, हे दुसरी टेस्ट सांगते. तिचं नाव एचसीव्ही आरएनए किंवा ‘व्हायरल लोड’. त्यासाठी शिरेतून रक्त घेतात आणि त्यात विषाणू प्रत्यक्ष आहे का ते पाहतात. ज्या छोट्या मशिनवर टीबीची तपासणी होते, जीनएक्सपर्ट आणि ट्रूनॅट, त्यांवरही ही टेस्ट होऊ शकते.

व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘नॉट डिटेक्टेड’ आलं तर तुम्हाला आत्ता हा आजार नाही. औषधही लागत नाही. मात्र संसर्ग नुकताच झाला असण्याची शक्यता असेल, तर काही महिन्यांनी ही टेस्ट पुन्हा करतात. आकडा आला तर संसर्ग चालू आहे आणि उपचार घ्यायचे. आकडा काही हजार आहे की काही लाख, यावरून रात्रभर जागू नका. यकृत किती बिघडलं आहे ते त्या आकड्यावरून कळत नाही, आणि तीच औषधं दोघांनाही चालतात.

या दोन टेस्टच्या मध्ये लोक कसे हरवतात ते सांगते. कोपरीच्या एका रिक्षावाल्या दादांची हर्नियाच्या ऑपरेशनआधीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. चार वर्षं ते घरात वेगळ्या ताटात जेवले, नातवाला मांडीवर घेतलं नाही. शेवटी व्हायरल लोड केला तर विषाणू नव्हताच. चार वर्षं त्यांनी नसलेल्या आजाराचं पथ्य पाळलं. दिघ्याच्या एका ताईंचं याच्या उलट झालं. त्यांनी रिपोर्ट गादीखाली पिशवीत ठेवून दिला, कारण त्रास काहीच नव्हता. सहा वर्षांनी पोटात पाणी भरलं तेव्हा तो बाहेर काढला. दोघांच्या हातात एकच कागद होता आणि त्यावर एकच शब्द लिहिलेला होता.

तर पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच जागी विचारा, ‘व्हायरल लोडसाठी रक्त कुठे द्यायचं आणि कधी?’ उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आणि पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तर निश्चिंत?

बहुतेक वेळा हो. पण अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, क्वचित सहा. गेल्या काही आठवड्यांतच सुई शेअर झाली असेल तर टेस्ट पुन्हा करावी लागते. डायलिसिसवर असलेल्यांच्या किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांच्या शरीरात कधीकधी अँटिबॉडी पुरेशी बनत नाही. शंका असेल तर त्यांचा थेट व्हायरल लोड करावा.

मला काहीच होत नाही. भूक लागते, कामावर जातो. मग कशाला एवढं?

कारण यकृत कुरकुरत नाही. थकवा येतो, तो बारा तासांच्या पाळीवर ढकलला जातो. उजव्या कुशीत जडपणा वाटतो, तो ॲसिडिटीवर. दरम्यान यकृतात व्रण पडत राहतात. संसर्ग मुरलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरोसिस होतो, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होऊन निकामी होत जातं. दारू, सोबत एचआयव्ही किंवा हिपॅटायटीस बी, लठ्ठपणा यांनी ही गती वाढते. सिरोसिसनंतर पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, यकृताचा कॅन्सर हे धोके समोर उभे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगात हिपॅटायटीस सीने सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले. भारतात तेव्हा अंदाजे ५५ लाख लोकांना हा संसर्ग होता, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालं आहे याचा पत्ताच नव्हता.

हा नेमका पसरतो कसा?

एकाचं रक्त, अगदी डोळ्यांना न दिसण्याइतकं, दुसऱ्याच्या रक्तात गेलं की पसरतो. आपल्या भागात हे मुख्यतः अशा वाटांनी होतं.

एक, नशेसाठी सुई-सिरिंज एकमेकांची वापरणं. सर्वांत जास्त धोका यात आहे, पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दोन, दवाखान्यातली हलगर्जी. सिरिंज तीच ठेवून फक्त सुई बदलणं, वापरलेली सिरिंज औषधाच्या मोठ्या बाटलीत पुन्हा बुडवणं, दातांची हत्यारं नुसती धुऊन पुढच्या माणसाला लावणं. सुई नवी असली तरी सिरिंजमध्ये आधीच्या रक्ताचा अंश मागे ओढलेला असतो. प्रयोगशाळेत सिरिंजमधल्या उरलेल्या रक्तात हा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे.

तीन, रक्त चढवणं. रक्तपेढ्यांत हिपॅटायटीस सीची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी बाळंतपणात, अपघातात किंवा थॅलेसेमियासाठी ज्यांना रक्त दिलं गेलं, त्यांनी एकदा तपासून घ्यावं. आज साठीच्या आसपास असलेल्या कितीतरी बायकांना आठवतही नाही की त्यांना रक्त दिलं होतं. घरच्यांनी विचारून काढावं.

जत्रेत एकाच सुईने काढलेलं गोंदण, अस्वच्छ टॅटू, कान टोचणं, सामायिक वस्तरा यांतूनही होऊ शकतो. न्हाव्याकडे नवं ब्लेड तुमच्यासमोर लावायला सांगा. यात कोणाचा अपमान नाही, आता बहुतेक जण स्वतःहूनच लावतात. टूथब्रश आणि नेलकटर घरातही वेगळे हवेत.

शरीरसंबंधातून पसरण्याचं प्रमाण नवराबायकोत फार कमी असतं. रक्तस्राव होत असेल, किंवा पुरुषापुरुषांतल्या संबंधांत एकाला एचआयव्ही असेल, तर धोका वाढतो. कंडोम वापरा.

एका ताटात जेवल्याने? मिठी मारल्याने?

नाही. ताट, ग्लास, संडास, डास, खोकला, मिठी, पापी, लोकलमधली गर्दी, यांतल्या कशानेही नाही. भांडी वेगळी करू नका. हे मी वस्तीत जितक्या वेळा सांगते, तितक्याच वेळा पुन्हा सांगावं लागतं.

आमच्या भागात कोणी तपासून घ्यायला हवं?

आयुष्यात एकदा जरी नशेची सुई टोचली असेल, वीस वर्षांपूर्वी का असेना, त्यांनी. डायलिसिसवर असलेल्यांनी. थॅलेसेमिया, हिमोफिलिया असणाऱ्यांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी. ठाणे किंवा तळोजा तुरुंगात राहून आलेल्यांनी, कारण आत ब्लेड आणि गोंदणाची सुई फिरते. तृतीयपंथी समाजातल्या ज्यांनी बाहेरून हार्मोनची इंजेक्शनं घेतली त्यांनी. हॉस्पिटलात सुया, रक्त, चादरी हाताळणाऱ्यांनी, आणि कचऱ्यात हात घालून पोट भरणाऱ्यांनी. आईला संसर्ग असेल तर मुलांनी. शिवाय यकृताच्या रक्ततपासणीत ज्यांचा एसजीपीटी कारण न कळता वाढलेला राहतो त्यांनी.

मुंब्र्यातून, कौशातून आखाती देशांत नोकरीला जाणारे बरेच आहेत. त्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये हिपॅटायटीस सीची अँटिबॉडी तपासतात आणि तिथेच ‘अनफिट’ चा शिक्का पडतो. एजंटला पैसे भरण्याच्या आधी स्वतः टेस्ट करा. उपचार घेऊन बरं झाल्यावरही अँटिबॉडी पॉझिटिव्हच राहते, हे लक्षात ठेवूनच पुढचा बेत ठरवा.

मी पावडर घेतो, सुईने. आधी सोड, मग औषध देऊ असं सांगितलं.

तसं सांगणाऱ्यांचं चुकलं. नशा चालू आहे म्हणून हिपॅटायटीस सीचे उपचार नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना स्पष्ट आहे, नशा चालू असणाऱ्यांनाही उपचार द्यावेत. एका माणसाच्या रक्तातला विषाणू गेला की त्याच्याबरोबर बसणाऱ्या चौघांचाही धोका कमी होतो. वैद्यकीय हिशेबाने तर सुईने नशा करणाऱ्यांना औषध सर्वांत आधी मिळायला हवं.

सुई नवी, सिरिंज नवी. इतकंच पुरत नाही. पावडर विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस, पाणी, यांतूनही संसर्ग होतो. प्रत्येकाचं वेगळं हवं. ‘मी आधी मारली, त्याने नंतर’ यात वाचतो तो फक्त आधीचा, आणि सिरिंज खरोखरच नवी असेल तरच. ब्लीचने धुणं हा अगदीच काही नसेल तेव्हाचा उपाय आहे. त्यावर भरवसा ठेवू नका.

एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालच्या काही संस्था वस्तीत येऊन नव्या सुया देतात आणि जुन्या परत घेतात. ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या सुईऐवजी औषध देणाऱ्या केंद्रात, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला देतात. तिने तलप आटोक्यात राहते आणि सुईची गरज उरत नाही. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. ओएसटी आणि हिपॅटायटीसच्या गोळ्या एकत्र चालतात.

एक विनंती वाचणाऱ्या इतरांना. ‘गर्दुल्ला’ हा शब्द ऐकला की तो पोरगा दवाखान्याच्या गेटवरूनच मागे फिरतो. मी फिरताना पाहिलं आहे. नावाने हाक मारा.

आमचे डॉक्टर सुई मारल्याशिवाय सोडत नाहीत. मी काय करू?

खरं तर पुष्कळदा सुई पेशंटच मागतो. ‘गोळीने नाही होत, लाल सुई द्या’, ‘अशक्तपणा आहे, पिवळं सलाईन लावा’. नाका कामगाराचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, म्हणून त्याला लगेच उभं व्हायचं असतं. ते मला समजतं. पण ताप, सर्दी, अंगदुखी, जुलाब यांतल्या बहुतेक वेळी गोळी आणि ओआरएस तितकंच काम करतात. सलाईनच्या बाटलीत मुख्यतः मीठ किंवा साखरेचं पाणी असतं.

सुई गरजेचीच असेल तर तीन गोष्टी पाहा. सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं का? औषधाची बाटली नवी आहे की आधीच टोचलेली? काम झाल्यावर सिरिंज कटरमध्ये गेली का? विचारायला लाज वाटत असेल तर शेजारच्या केमिस्टकडून सिरिंज स्वतः घेऊन जा. माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं.

घंटागाडीवर काम करताना सुई टोचली.

वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळून रक्त काढू नका, ॲसिड, डेटॉल, चुना लावू नका. मग त्याच दिवशी, शक्य तर दोन तासांत, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. घाई एचआयव्हीसाठी आहे. त्याची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागते. हिपॅटायटीस बीची लस घेतली नसेल तर तीही तेव्हाच सुरू करतात.

हिपॅटायटीस सीला अशी प्रतिबंधक गोळी नाही. पण संसर्ग झालेल्याची सुई टोचली तरी तो होण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा कमी असते. पहिल्या दोन दिवसांत एक टेस्ट, तीन ते सहा आठवड्यांनी व्हायरल लोड, चार ते सहा महिन्यांनी अँटिबॉडी, असं पाहत राहायचं. झालाच तर गोळ्या आहेत. ठेकेदाराकडे लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. ‘काही होत नाही रे’ म्हणून परत पाठवलेले कामगार मला भेटले आहेत. नोंद नसल्याने पुढे त्यांना काहीच सिद्ध करता आलं नाही.

आणि घरात इन्सुलिन घेणाऱ्यांनो, वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई कुणाच्या तरी हातात घुसते.

बाबा डायलिसिसवर आहेत. मशिनमधून होतो का?

मशिनच्या आतल्या भागातून होण्यापेक्षा कर्मचाऱ्याने एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे न बदलल्याने, रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपरिनची एकच बाटली अनेकांना वापरल्याने, खुर्ची नीट न पुसल्याने जास्त होतो. म्हणून ‘वेगळं मशीन आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नका, हातमोज्यांकडे पाहा. डायलिसिस सुरू होताना आणि मग दर सहा महिन्यांनी टेस्ट व्हायला हवी. रिपोर्ट मागून घ्या. किडनी निकामी असली तरी आजची औषधं देता येतात.

उपचार काय असतात? किती दिवस? पैसे?

गोळ्या. सिरोसिस नसेल तर बहुतेकांना सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डाक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. सिरोसिस असेल तर डाक्लाटासव्हिरच्या जागी वेल्पाटासव्हिर येतं, आणि यकृत फारच ढासळलं असेल तर सोबत रिबाव्हिरिन किंवा एकूण २४ आठवडे. पूर्ण कोर्स घेणाऱ्या दर १०० जणांपैकी ९५ किंवा त्याहून जास्त बरे होतात. बरे म्हणजे विषाणू अंगातून गेला, आटोक्यात राहिला असं नव्हे.

पूर्वी इंटरफेरॉनच्या सुया असायच्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, नैराश्य, केस गळणं असे हाल होत आणि यशाची खात्री नसे. त्या काळच्या गोष्टी ऐकून आजही लोक घाबरतात. आता ते राहिलेलं नाही. डोकं दुखणं, थोडा थकवा, मळमळ, बहुतेकांना इतकंच.

पैशांचं म्हणाल तर सोफोसबुव्हिर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती, म्हणजे ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर. २०१४ मध्ये गिलियड या मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला आणि इथे किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. खाजगीत फक्त व्हायरल लोडलाच काही हजार जातात, म्हणून ‘परवडणार नाही’ असं मनाशी ठरवण्याआधी सरकारी केंद्रात जाऊन या.

गोळी सुरू करण्यापूर्वी काय तपासतात?

हिपॅटायटीस बी आणि एचआयव्ही. बी दडून बसलेला असेल तर सीचे उपचार चालू असताना तो उसळू शकतो, म्हणून बीची एचबीएसएजी ही टेस्ट केल्याशिवाय सुरुवात करू नये. मग लिव्हर फंक्शन, प्लेटलेट, किडनी, सोनोग्राफी.

सिरोसिसचा अंदाज साध्या रिपोर्टवरूनही घेतात. एसजीओटी (यकृताच्या रक्ततपासणीतला एक आकडा) आणि प्लेटलेट यांचं एक गणित आहे, त्याला एप्री म्हणतात. उदाहरणार्थ एसजीओटी ८० (वरची मर्यादा ४०) आणि प्लेटलेट १ लाख असतील तर आकडा २ येतो. २ च्या वर गेला तर सिरोसिसची शंका धरून पुढे पाहतात.

इतर औषधं चालू आहेत. चालेल का?

सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. आठवणीने नावं सांगू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर या गोळ्या एकत्र देत नाहीत, टीबीचा कोर्स आधी पूर्ण होतो. फिटसाठीचं फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, हृदयाचे ठोके नियमित करणारं अमिओडॅरोन, एचआयव्हीची काही औषधं यांत बदल करावा लागतो. ॲसिडिटीची गोळी वेल्पाटासव्हिरचा परिणाम कमी करते, आणि ती तर आपल्याकडे न विचारताच घेतली जाते. मधुमेह असेल तर विषाणू कमी होताना साखर खाली येऊ शकते, लक्ष ठेवा.

काविळीवरचे काढे आणि भस्मं या १२ आठवड्यांत बंद. काही काढ्यांनी यकृताला इजा होते आणि मग दोष गोळ्यांवर येतो. दारू सुटली तर उत्तम. सुटत नसेल तरी गोळ्या थांबवू नका, डॉक्टरांना खरं सांगा.

गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको.

मी गरोदर आहे.

आईकडून बाळाला होण्याचं प्रमाण दर १०० मध्ये साधारण ५-६ आहे, एचआयव्हीही असेल तर जास्त. गरोदरपणात या गोळ्या सहसा देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. केवळ या कारणासाठी सिझेरियन लागत नाही. दूध पाजा. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस त्या बाजूचं पाजू नका. बाळाची अँटिबॉडी टेस्ट १८ महिन्यांनंतर करतात, कारण तोवर आईच्याच अँटिबॉडी त्याच्या रक्तात असतात. संसर्ग झालाच असेल तर तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांनाही औषध देता येतं.

रिबाव्हिरिन चालू असलेल्या स्त्रीने, किंवा ज्याला ते चालू आहे त्या नवऱ्याने, औषध संपल्यावरही सहा महिने गर्भ राहू देऊ नये.

कंपनीला कळलं तर? मी हॉटेलात काम करतो.

अन्नातून हा आजार जात नाही, त्यामुळे स्वयंपाकाच्या किंवा वाढपाच्या कामावरून काढण्याला काहीही वैद्यकीय कारण नाही. रिपोर्ट तुमचा आहे. कोणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा.

बरा झालो हे कसं कळणार? परत होतो का?

शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करतात. ‘नॉट डिटेक्टेड’ आलं की बरे झालात. हा कागद लॅमिनेट करून ठेवा असं मी सांगते, कारण अँटिबॉडी टेस्ट जन्मभर पॉझिटिव्हच येणार आणि प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी तोच घोळ पुन्हा होणार. रक्तदान मात्र यापुढे करता येणार नाही.

पुन्हा होऊ शकतो. एकदा होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही, आणि सीवर लस नाही. बीवर आहे, ती घ्या. पुन्हा झालाच तर उपचारही पुन्हा मिळतात, कोणी ओरडलं तरी मागा. सिरोसिस झालेल्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

जायचं कुठे?

उपचार केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असतं. ठाण्याकडच्यांनी सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईकडच्यांनी वाशीचं महापालिका रुग्णालय इथून विचारणा सुरू करावी. केसपेपर काढताना ‘पोट दुखतं’ असं सांगू नका. ‘हिपॅटायटीस सीची टेस्ट पॉझिटिव्ह आहे, राष्ट्रीय कार्यक्रमातून व्हायरल लोड करायचा आहे’ असं सांगा. तिथे सोय नसेल तर कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहून घ्या. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू फोन नंबर न्या. फोन नंबर बदलल्याने रिपोर्ट येऊन पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

दोन महिने झाले, आता गावी जायचंय. कापणी आहे.

जा. पण चार दिवस आधी येऊन सांगा. गोळ्यांची एक बाटली २८ दिवसांची असते, त्यामुळे कधी संपणार ते बोटांवर मोजता येतं. पुढची बाटली आधी मिळते का ते केंद्रात विचारा. नाही मिळाली तर गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी घ्या आणि तुमच्या उपचार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक घरच्या कोणाच्या तरी मोबाइलमध्येही. हा कार्यक्रम देशभर आहे, बिहारमध्येही आणि बीडमध्येही. बाटली उन्हात पत्र्याखाली ठेवू नका. आणि शेवटच्या गोळीपासून १२ आठवडे मोजून जी तारीख येईल ती कॅलेंडरवर आत्ताच लिहा. शेवटचं रक्त त्या दिवशी द्यायचं आहे, गावात असाल तर गावात.